गिरजामायचा गोऱ्हा आणि सरकारी चिमटा

संपादकांनी चार पानं मागितली, मी आठांवर अडून बसलो आणि सहा पानांवर सौदा पटला. आकडा ठरल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. जन्मभर गुरांच्या बाजारात दलाली केली, ती सवय म्हातारपणी कशी मोडणार? 'दलाल' हा शब्द वाचून एखाद्या सभ्य माणसाने पान उलटलंही असेल. उलटू द्या. या शब्दाचं आणि माझं एक जुनं भांडण आहे, ते पुढे येईलच.

बाप अंबाडीचे दोर वळायचा. ते खांद्यावर टाकून मी मेहकरच्या बाजारात हिंडायचो. दोर विकता विकता दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलं जातं ते बघत गेलो. दात मोजायला शिकलो, चाल ओळखायला शिकलो, आणि मिसरूड फुटायच्या आत माझा रुमाल बाजारात चालू लागला. रुमाल म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गुरांचा भाव आम्ही तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पाचासाठी अख्खा पंजा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलता कामा नये. भाव पटला की हातावर टाळी. टाळी पडल्यावर माघार नाही. मी रागीट माणूस आहे, बाजारात दोनदा माझं डोकं फुटलंय आणि त्याहून जास्त वेळा मी दुसऱ्यांची फोडली आहेत, पण टाळी दिलेला शब्द मी फिरवलेला नाही.

महाराष्ट्र नुकतंच झालं होतं. बुलढाण्याच्या कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्यांचा रंगही वाळला नसेल, त्या सुमाराची ही गोष्ट. एका बाजाराच्या दिवशी पांढरी पँट घातलेला एक माणूस शेणातून पाय उचलत उचलत माझ्यापर्यंत आला. हे डॉक्टर सबनीस, गुरांचे डॉक्टर. बोली पुण्याची.

"तुम्हीच का ते दलाल?"

"मीच. घ्याचं हाये का विकाचं?"

"दोन्ही नाही. मला गोऱ्हे हवेत. माझ्याकडे मुलं शिकायला आली आहेत. उद्या ती खेड्यांत नेमली जातील आणि त्यांनी आजवर जनावर पाहिलंय ते फळ्यावर. त्यांना हाताने काम करू दे. गोऱ्हे खच्ची करून परत देऊ."

भोवतीचे लोक हसायला लागले. मी म्हणालो, "डाक्टरसाहेब, न्हाव्याचा पोट्टाबी पह्यले भोपळ्यावर हात बसवते. लोकायचे गोऱ्हे काऊन मागून राह्यले?"

"भोपळ्याला नस नसते," डॉक्टर म्हणाले.

ज्याला उलट बोलता येतं त्याच्याशी सौदा करायला मला आवडतं. मी त्यांना कडुलिंबाखाली बसवलं.

आमच्याकडे गोऱ्ह्याचा बैल कसा करायचे, ते सांगतो. वाचवत नसेल तर पुढच्या चार ओळी सोडा. गोऱ्हा पाडायचा, चारी पाय बांधायचे, अंडाच्या वरची नस दगडावर धरायची आणि मुसळाने बडवायची. त्यालाच बैल बडवणे म्हणतात. जनावर असं ओरडायचं की गावातल्या बाया कानात बोटं घालायच्या. मग सूज, ताप, कधी पू, कधी अळ्या. जगला तर बैल. आणि एक रीत होती: बडवताना मालकाने तोंड फिरवायचं. आपल्या जनावराचं बीज आपल्या डोळ्यांदेखत मारायचं नाही, पाप लागतं. मालक पाठ करून उभा राहायचा आणि "झालं" म्हटल्यावरच वळायचा.

डॉक्टरांनी पिशवीतून एक मोठा लोखंडी चिमटा काढला. दोन लांब मुठी, पुढे बोथट जबडा. माझ्याच रुमालाच्या घडीत त्यांनी माझीच सुतळी धरली आणि मुठी आवळल्या. कट्ट. रुमाल उलगडला तर सुतळीचे दोन तुकडे आणि रुमाल जसाच्या तसा.

"कातडी म्हणजे हा रुमाल," ते म्हणाले. "आतली नस तुटते, रक्ताचा थेंब नाही. जखमच नाही तर अळ्या कशात पडणार?"

मी तो रुमाल उन्हात धरून पाहिला. मागून पाहिला, पुढून पाहिला. आयुष्यभर मी रुमालाखाली भाव तोडत आलो होतो, आणि हा माणूस रुमालाखाली मुसळ तोडून दाखवत होता. माझ्या अंगात वारं शिरलं. खोटं कशाला सांगू, मला आधी धंदाच दिसला: डाग नसलेला, ताप न आलेला बैल बाजारात काय भाव खाईल! पण तेवढंच नव्हतं. ते ओरडणं मीही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मोठ्या शेतकऱ्यांनी उडवून लावलं. पाटलाने तर सरळ विचारलं, "तुह्या घरचे बैल संपले का बे?" मग मी मेहकरपासून दोन कोसांवरच्या एका गावाला गेलो. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून भांडायला येतात. गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती. थोड्या घरांना कोरडवाहू तुकडा, बाकीचे मजुरीवर. तिथे कोणाच्याच दारात बैलजोडी नव्हती. एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक, असे दोघे मिळून जोडी करायचे, आळीपाळीने दोघांची शेतं वाहायचे. ही सावड. सावडीतला एक बैल गेला की दोन घरांची पेरणी बसते. आदल्या थंडीत मुसळाने वस्तीतले दोन गोऱ्हे गेले होते.

गिरजामाय ही विधवा बाई. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त, आवाज माझ्याहून मोठा. तिचा कवड्या नावाचा गोऱ्हा, अंगावर पांढरे ठिपके. सावड शेजारच्या किसनशी, त्याचा म्हातारा बैल शांत. कवड्या बैल झाला तर जोडी लागणार, नाहीतर किसन दुसरीकडे सावड करणार. त्याने तसं तोंडावर सांगितलं होतं.

मी बोलून बोलून घसा कोरडा केला. रुमाल दाखवला, सुतळी दाखवली. गिरजामायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दलालभाऊ, बिघडलं तं?"

"बिघडत नाई."

"थे मी इचारलंच नाई. बिघडलं तं काय, थे सांग."

वस्तीतली माणसं माझ्याकडे बघत होती. मला उकळी आली. मी म्हणालो, "कवड्याचा बैल झाला नाई, तं माह्या दावणीचा चांद्या तुह्या जुवाले."

तिने हात पुढे केला, मी टाळी दिली. चांद्या माझा जीव होता. कपाळावर चंद्र, चाल अशी की बाजारात लोक नुसते बघायला थांबायचे. पण चिमटा मी स्वतः पाहिला होता.

डॉक्टर आणि त्यांची पोरं आली. बापाच्या पद्धतीने दोर टाकून मी एकेक गोऱ्हा न दुखवता बसवत गेलो. त्यात माझा आजही कोणी हात धरणार नाही. कवड्या आला वानखडेच्या वाट्याला. हा मोताळ्याकडचा लाजरा पोरगा, हात मात्र हलके. चिमटा एकाने चालवायचा आणि नस दुसऱ्याने बोटांत पकडून कडेला धरायची, कारण नस मोठी लबाड, जबडा जवळ आला की निसटते. नस धरायला किसन बसला. एक बाजू झाली. कट्ट. दुसऱ्या बाजूला जबडा लागला आणि किसनने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं. सावडीच्या नात्याने अर्धा मालक तोही होताच. जबडा बंद झाला, आवाजही आला. पलीकडच्या गोऱ्ह्याने डॉक्टरांच्या एका विद्यार्थ्याला लाथ घातली होती, म्हणून डॉक्टर तिकडे धावले होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "दोन्ही झाल्या?" वानखडे म्हणाला, "झाल्या, सर." त्याला तसंच वाटत होतं.

बाकीचे सगळे गोऱ्हे उत्तम निघाले. ओरड नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी चरायला. वस्तीत मला चहा मिळायला लागला आणि मी बाजारात छाती काढून फिरायला लागलो.

होळीच्या आधीच्या बाजारात मी एका जोडीचा सौदा करत होतो. हात रुमालात, भाव पटायच्या बेतात. तेवढ्यात मागून आवाज आला.

"जयभीम, दलालभाऊ. चांद्याचं दावं सोड."

गिरजामाय. हातात कवड्याची वेसण. कवड्या चहूकडे मान उडवत होता, डोळे लाल, आणि बाजारातल्या प्रत्येक गाईकडे बघत होता.

"काऊन? जिता तं हाये तुहा गोऱ्हा."

"जिता हाये, पण बैल नाई. पाटलाच्या गायीमागं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला. दोन रोज कोंडवाड्यात होता. जुवाले लावला तं किसनच्या बैलाले शिंग मारून राह्यला. किसननं सावड मोडतो म्हनलं. तू काय म्हनला होता, आठोते का?"

मी कवड्याच्या मागे बसून हात लावला. एक बाजू सुकलेली. दुसरी शाबूत. मला सगळं कळलं आणि डोकं भडकलं. वानखडेवर भडकलं, किसनवर भडकलं, पापाच्या रीतीवर भडकलं. पण समोर गिरजामाय होती आणि भोवती अख्खा बाजार जमला होता.

"अर्धा तं झाला," मी म्हणालो.

"मंग अर्धा चांद्या दे," ती म्हणाली. "मांगचा का पुढचा, थे तू ठरव."

लोक पोट धरून हसले. एक म्हातारा हेड्या, म्हणजे गुरांचा व्यापारी, म्हणाला, "दलाल, आज तुले तुह्यासारखं मिळालं."

मी तिला बाजूला चल म्हणालो. ती हलली नाही. मी म्हणालो, "भरपाईचं बोलू." तिने पदर खोचला आणि हात पुढे केला. "टाक रुमाल."

बाईने बाजारात रुमालाखाली हात घातलेला तोवर कोणी पाहिला नव्हता. हसणं थांबलं. मी रुमाल टाकला. माझी बोटं बोलायला लागली. मी दोन धरली, तिचा हात गप्प. मी तीन धरली, गप्प. मी घामाघूम झालो, पंजा धरला. मग तिने माझा अंगठा धरला, नुसता अंगठा, आणि तो सोडेचना. एकटा अंगठा कोणी धरत नाही. त्याचा भावच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"मले आकडा नको," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तुहा चांद्याबी नको. चांद्या म्हातारा होईन, मंग? थो चिमटा कसा धरतेत, नस कशी धरतेत, थे मले शिकव. वस्तीतल्या अजून दोघायले शिकव. पोट्टे येतीन, शिकतीन, बदलीवर जातीन. आमच्या गोऱ्ह्यायवर शिकले, तं आमाले काऊन नाई शिकवत?"

मी आयुष्यात हजारो सौदे केले. समोरच्याने मागितलेली वस्तू माझ्या खिशात नाही, असा तो एकच. मी टाळी दिली आणि त्याच पावली सायकलवर बसून दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "बाई? आणि गावातली माणसं? नियमात बसत नाही हो. मंजुरी मुलांपुरती आहे."

"मंग जनावरं नियमातून आणा," मी म्हणालो.

 मी सोडलं नाही. "एका गावात तुमचे पोट्टे जितके गोऱ्हे हाताळतीन, त्या गावातली तितकी नाई तरी तीन माणसं त्यायच्या बाजूले बसतीन. तुम्ही बोलता थे ऐकतीन, करता थे करतीन. जनावरं मी देतो, दोर माहा. मेहकर तालुक्यात तुमाले दुसरा कोनी एक बकरी देईन तं मले सांगा."

डॉक्टरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "वानखडेने केलेली दुसरी बाजू मी तपासायला हवी होती. तुमच्या माणसांना शिकवण्याला आपण शिबिर म्हणू या. शिबिराला मंजुरी लागत नाही." आणि हसले. हा माणूस मला शेवटपर्यंत आवडला, हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्या खात्याला शिव्या घालणार आहे.

होळी झाल्यावर सकाळी सकाळी वस्तीत सगळे जमले. मी दोर टाकून कवड्याला बसवला आणि शिंगं धरून त्याच्या तोंडाशी बसलो. चिमटा वानखडेकडे. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नस धरायला गिरजामाय. किसन रीतीप्रमाणे पाठ करून उभा राहिला, त्याच्या मागोमाग वस्तीतले सगळे पुरुष. दहा-पंधरा पाठी नुसत्या.

डॉक्टर तिच्याजवळ उकिडवे बसले. "आई, बोटांना काय लागतंय?"

"मऊ लागते. हे तं कातडंच हाये."

"अजून आत. कडक दोरीसारखं काही."

"हां. सुतळीवाणी. नाई, जाड हाये. पेनशीलीयेवढं."

"तीच. कडेला आणा. धरून ठेवा."

वानखडेने जबडा लावला.

"थांब पोरा," ती म्हणाली. "सरकली."

वानखडेने जबडा काढला. ती पुन्हा चाचपायला लागली. मला तिच्या बोटांकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. मेहकरच्या बाजारात त्याच बोटांनी माझा अंगठा धरला होता. पुन्हा सापडली, पुन्हा निसटली. मागून किसन म्हणाला, "गिरजामाय, तोंड फिरव वं. तुहा गोऱ्हा हाये थो."

"तोंड फिरवलं म्हनून तं नस गेली मांगच्या खेपीले," ती म्हणाली. "माहा हाये म्हनूनच पाहून राह्यली. आता धरली. लाव पोरा. लाव."

कट्ट.

जबडा मिटलेला ठेवून डॉक्टर सावकाश मोजत होते. मी कवड्याच्या डोळ्यात बघत होतो. तो दचकला, एक मोठा श्वास सोडला, आणि मान माझ्या मांडीवर टाकली. ओरडला नाही. जबडा काढून जरा खाली पुन्हा एकदा लावला, म्हणजे दोन खाचा पडतात आणि चूक राहत नाही. डॉक्टरांनी स्वतः बोटाने तपासलं. मग म्हणाले, "आता तुम्ही तपासा, आई." तिने तपासलं, आणि किसनला हाक मारली. "इकडं ये. हात लाव. अर्धा तुहा बी हाये."

किसन वळला. मग एकेक पाठ वळली. वानखडे घाम पुसत हसत होता आणि मला उगीचच कोणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. मी कवड्याला मारली.

मृगाच्या पेरणीला कवड्या किसनच्या बैलाबरोबर जुवाखाली सरळ चालला. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. दोन्ही घरांची तिफण वेळेवर चालली, आणि गिरजामायने बांधावरून मला ओरडून विचारलं, "चांद्या बरा हाये ना?"

मग तो सौदा गावोगाव झाला. जिथे डॉक्टरांची पोरं शिकायला जातील तिथे गावातली तीन माणसं शेजारी बसणार, ही माझी अट. नुसता चिमटाच नाही. जुवाने सोललेला खांदा कसा धुवायचा, जखमेतल्या अळ्या कशा काढायच्या, बकरीला औषध पाजताना ती खोकली की मान लगेच सोडायची, नाहीतर औषध फुप्फुसात जातं, हे सगळं. बऱ्याच गावांत मुसळ माळ्यावर गेलं. मी सायकलवरून, एसटीने, बैलगाडीने हिंडत होतो, आणि दलालीतही इतकी मजा मला कधी आली नव्हती.

आता भांडण. काही वर्षांनी बुलढाण्यात मोठा समारंभ झाला. मांडव, हार, फोटो. डॉक्टर सबनीसांची तोवर बदली झाली होती. साहेब लोकांनी भाषणं केली की खात्याने ग्रामस्थांना प्रत्यक्ष शिकवण्याची कल्पना राबवली. कल्पना! ती बाजारात, माझ्या रुमालाखाली जन्मली होती, माझा अंगठा धरून. गिरजामाय मांडवाच्या कडेला जमिनीवर बसली होती. तिचं नाव कोणी घेतलं नाही. माझ्याबद्दल एक वाक्य आलं: "स्थानिक दलालाचंही सहकार्य लाभलं." मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "दलालाले नाव असते साहेब, अन् त्या बाईलेबी हाये." दोन शिपायांनी मला खाली बसवलं. गिरजामाय म्हणाली, "बस ना भाऊ. काऊन डोकं तापवून राह्यला?" मी बसलो, पण डोकं आजतागायत तापलेलंच आहे. लोक म्हणतात, नावात काय आहे. ज्यांची नावं छापून येतात तेच असं म्हणतात.

गिरजामाय जाऊनही बरीच वर्षं झाली. बाजार सोडायच्या आधीच्या दिवसांत मी माझ्या दावणीसाठी बैल शोधत होतो. रोहिणखेडकडचा एक माणूस एक तांबडा बैल घेऊन आला होता. दात पाहिले, खांदा पाहिला, आणि सवयीने मागे बसून हात लावला. दोन्ही बाजूंना नसेवर खाचा. दोन वर, दोन खाली, इतक्या नेमक्या की माझी बोटं तिथेच थांबली.

"कोनं केला हा?" मी विचारलं.

"आमच्या गावात एक बाई हाये," तो म्हणाला. "तिचं माहेर तुमच्या इकडचंच. तिले तिकडंच कोन्या बुढीनं शिकवलं म्हनते."

"करताना तोंड फिरवते का?"

"कोन, थे? नाई जी. आमालेबी फिरवू देत नाई. मालकानं पाह्यलंच पाह्यजे म्हनते."

मी रुमाल टाकला. आत त्याने भाव सांगितला. भाव चढा होता, त्यालाही ते ठाऊक होतं, आणि मी बोटं पकडून खाली आणीन म्हणून तो हात ताठ करून वाट बघत होता. मी एक बोटही हलवलं नाही. टाळी दिली आणि बैलाचं दावं हातात घेतलं.